समोरचा हसतो, पण मनात चरफडतो: बोलण्या-वागण्यातल्या या चुका टाळा

दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडायची खोड मला आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. एका मीटिंगची टिपणं काढायला तिचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. कोणी काही सांगायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला माझा आवाज. मोजायला लागलो आणि नवव्या वेळी मोजणं सोडलं. त्या खोलीतलं कोणीही मला कधी काही बोललं नव्हतं.

डोक्यात जाणाऱ्या बहुतेक सवयींचं असंच असतं. ज्याची सवय त्याला ती दिसत नाही आणि ज्याला दिसते तो भिडेखातर गप्प बसतो. म्हणून या चुका इतरांमध्ये शोधण्याआधी स्वतःत कशा ओळखायच्या, ते बघू.

वाक्य तोडणं

यामागे उद्धटपणाच असतो असं नाही. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे २००९ साली दहा भाषांमध्ये तपासलं गेलं. बहुतेक वेळा हे अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. एवढ्यात उत्तर सुचून तोंडातून बाहेर पडणं शक्यच नाही, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो. अंदाज चुकला किंवा धीर सुटला की आपली गाडी आधी सुटते.

दोघांनी एकाच वेळी बोलणं मात्र दर वेळी वाईट नसतं. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलंय, की काही लोक उत्साहाने, साथ द्यायला म्हणून मध्ये बोलतात. ‘हो ना!’, ‘मग?’, ‘काय सांगतेस!’ हे त्यातलंच. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही बोलून झाल्यावर विषय त्याच्याकडेच राहिला की तुमच्याकडे आला? तुमच्याकडे आला असेल, तर तो हिसकावलेला आहे.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे समोरच्याने वाक्य संपवलं की एक श्वास घ्यायचा, मगच तोंड उघडायचं. तरीही तोडलंच, तर ‘सॉरी, तू काय सांगत होतास?’ म्हणून धागा परत त्याच्या हातात द्यायचा. आणि तो सांगायला लागल्यावर पुन्हा तोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको (मला सांगावं लागलं होतं).

‘माझं तर त्याहून...’

‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला.’ ‘अगं, मी तर आठवडाभर झोपले नाहीये!’ झालं, पहिलीची रात्र तिथेच संपली. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये अशा प्रतिसादांचे दोन प्रकार सांगितले. एक बोलणं स्वतःकडे वळवणारा, दुसरा ते समोरच्याकडेच ठेवणारा. ‘का गं, काय झालं?’ हा दुसरा.

गंमत अशी की पहिला प्रकार करणाऱ्याला आपण आपुलकी दाखवतोय असंच वाटत असतं. मलाही हे झालंय, म्हणजे तू एकटी नाहीस, असं त्याला म्हणायचं असतं. स्वतःचं सांगूच नये असं माझं म्हणणं नाही, पण आधी दोन प्रश्न विचारा, त्यांची उत्तरं ऐका, मग तुमची गोष्ट काढा. तोवर ती काढायची गरज उरलेली नसते, असा अनुभव मला बऱ्याचदा आलाय.

‘राग मानू नकोस, पण...’

या ‘पण’नंतर राग येईल असंच काहीतरी येतं. ते बोलायलाच हवं असेल तर सरळ बोला. नसेल तर ‘पण’सकट गिळा. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ याचंही तेच.

फोनवरचा आरडाओरडा

गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्येच नोंदवलं होतं. त्यामुळे ‘मी कुठे ओरडतोय?’ हा प्रश्न प्रामाणिक असतो. आवाज कमी करायचा निश्चय फार टिकत नाही, त्यापेक्षा शांत कोपऱ्यात जाऊन बोलावं.

शेजारच्याला त्रास फक्त आवाजाचा होतो असंही नाही. २०१० च्या एका अभ्यासात दिसलं, की दोन्ही बाजू ऐकू येणाऱ्या संभाषणापेक्षा एकच बाजू ऐकू येणारं संभाषण लक्ष जास्त विचलित करतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही आणि मेंदू त्यातच गुंतून पडतो. स्पीकर लावून दोन्ही बाजू ऐकवणं हा अर्थात त्यावरचा उपाय नव्हे! चारचौघांत व्हिडिओ मोठ्याने लावणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. इयरफोन लावा.

मेसेजमधल्या खोडी

नुसतं ‘हाय’ पाठवून गप्प बसणं. ‘जरा बोलायचं होतं’ एवढंच लिहून दोन तास गायब होणं. तेवढ्या वेळात समोरच्याने सगळे आजार आणि सगळी भांडणं आठवून घेतलेली असतात. विषय पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

आणि टोमणे लिहून पाठवू नका. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा कळला, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडासाच बरा. लिहिताना आपला सूर आपल्याला ऐकू येत असतो, पण तो मेसेजबरोबर जात नाही.

चुका काढायची चूक

एकदा एकजण आजारी वडिलांबद्दल सांगत होती. ‘आता पानीसुद्धा घेत नाहीत.’ ऐकणारा म्हणाला, ‘पाणी.’ उच्चार त्याचा बरोबर होता. त्यानंतर ती काहीच बोलली नाही.

कोणाची सवय खरंच खुपत असेल, तर एकट्यात सांगा, एकाच प्रसंगाबद्दल सांगा, आणि ‘तू नेहमीच...’ने सुरुवात करू नका. आपण उशिरा पोचलो की कारण रस्त्यात असतं, दुसरा पोचला की त्याच्या स्वभावात; हा भेदभाव आपण सगळेच करतो. कधी त्रासाचं मूळ आपल्याकडेही असतं. चावण्याचा किंवा पेन टकटकवण्याचा आवाज काहींना अक्षरशः असह्य होतो, आणि त्याला २००१ पासून मिसोफोनिया असं नावही आहे. तसं असेल तर ‘मला या आवाजाचा त्रास होतो, मी जरा तिकडे बसतो’ म्हणणं दोघांच्याही सोयीचं.

माझ्या वाक्य तोडण्यावर बायकोशी एक खूण ठरली आहे. मी तोडलं की तिने नुसतं बोट वर करायचं. काल रात्री बोलताना ते दोनदा वर झालं. दुसऱ्या वेळी मी तोंडही उघडलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘उघडणार होतास.’