परदेशातल्या आशियाई महोत्सवाला फिल्म पाठवताय? या चुका टाळा

मी मराठी लघुपटांची इंग्रजी सबटायटल्स करते. काही वर्षं एका आशियाई महोत्सवाच्या पहिल्या फेरीत प्रवेशिकाही पाहिल्या. त्यामुळे प्रवेशिका सुरू झाल्या की ओळखीतल्या तरुण दिग्दर्शकांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, फिल्म झाली. आता कुठे कुठे टाकू?"

हे 'कुठे कुठे'च महाग पडतं. महोत्सवांना फिल्म पाठवायच्या फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावर फिल्मची नोंद फुकट होते, पण प्रत्येक महोत्सवाचं प्रवेशशुल्क वेगळं आणि बहुतेकदा डॉलरमध्ये असतं. चार मित्रांनी वर्गणी काढून केलेल्या फिल्मचे पैसे असे वीस ठिकाणी उधळताना पाहिले की जीव तुटतो.

नावात 'आशियाई' आहे म्हणजे सगळे महोत्सव सारखे नसतात. न्यूयॉर्कचा एशियन अमेरिकन इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल १९७८ साली सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आजच्या कामफेस्टची सुरुवात १९८२ची आणि टोरोंटोच्या रील एशियनची १९९७ची. पडद्यावर आपली माणसं दिसत नाहीत, दिसली तर दुसऱ्यांनी रंगवलेली दिसतात, या खंतीतून तिथल्या आशियाई लोकांनी हे महोत्सव उभे केले. सिएटलचा तस्वीर दक्षिण आशियाई फिल्मचा आहे, तर लॉस एंजेलिसचा इंडियन फिल्म फेस्टिव्हल मुख्यतः भारतीय आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या फिल्म बघतो. त्यामुळे नियमावलीत आधी एकच गोष्ट शोधा. त्यांना दिग्दर्शक आशियाई वंशाचा हवा आहे, की गोष्ट स्थलांतरितांची हवी आहे? काही ठिकाणी पहिलं पुरतं, काही ठिकाणी दोन्ही लागतं. साताऱ्यात घडणारी, साताऱ्यातच संपणारी गोष्ट कितीही सुंदर असली तरी फक्त डायस्पोरासाठी, म्हणजे मायदेश सोडून परदेशी वसलेल्यांसाठी असलेल्या विभागात बसणार नाही. ती आशियाई सिनेमाच्या विभागात पाठवा, तसा विभाग नसेल तर शुल्क वाचवा.

याच्या उलट चूक मला जास्त सलते. डायस्पोरा म्हणजे न्यू जर्सीतला आयटीवाला, एवढंच आपल्या डोक्यात असतं. कोकणातून इस्राएलला गेलेले आणि घरात मराठी टिकवून ठेवलेले बेने इस्राएल, किंवा एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज, यांच्यावर माहितीपट करणाऱ्यांनाही आपली फिल्म या महोत्सवांची आहे हे सुचत नाही. त्यांनी नक्की पाठवावी.

फॉर्ममध्ये प्रीमिअरचा, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवली आहे का याचा रकाना असतो. त्यात लोक नकळत खोटं लिहितात. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात दोनशे लोकांना फिल्म दाखवली असेल, तर ते जाहीर प्रदर्शन झालं. त्यानंतर त्याच शहरात 'पहिलं प्रदर्शन' म्हणता येत नाही. घरच्यांना आणि कलाकारांना बंद दाराआड दाखवलं तर सहसा अडचण नसते. शंका असेल तर आयोजकांना दोन ओळींची ईमेल करा, बहुतेक जण नीट उत्तर देतात. आणि कौतुकाच्या भरात फिल्म यूट्यूबवर टाकू नका. ज्याचा पुरस्कार लघुपटाला ऑस्करसाठी पात्र ठरवतो अशा महोत्सवात लघुपट पाठवत असाल, तर पुरस्काराआधी फिल्म अशी नेटवर आली की ती वाट बंद होते.

आता सबटायटल्स. माझ्या मते सगळ्यात जास्त फिल्म इथेच मरतात, आणि त्याचं खापर मात्र 'त्यांना आपली संस्कृती कळत नाही' यावर फुटतं.

एका लघुपटात बायको नवऱ्याला "अहो" म्हणते आणि खाली 'हॅलो' उमटतं. पुढे ती भांडणात पहिल्यांदाच त्याला "अरे" म्हणते. आख्ख्या फिल्मचा कणा त्या एका शब्दात होता, आणि खाली पुन्हा 'हॅलो'! दुसऱ्या एका फिल्ममध्ये मुलगी विमानतळावर जाताना आजीला "येते हं" म्हणते. मशीनने केलेलं भाषांतर म्हणालं, 'मी येत आहे'. जाताना 'जाते' म्हणायचं नाही, हा आपल्या घरांतला संकेत म्हणजेच परदेशी निघालेल्या लेकीची सगळी गोष्ट. ती एका ओळीत गेली.

काकू, मावशी, आत्या या तिघींना 'आंटी' करून टाकलं की वडिलांची बहीण कोण आणि आईची कोण हे प्रेक्षकाला कळत नाही. मग वाटणीच्या प्रसंगात आत्या का गप्प बसली तेही कळत नाही. उपाय सोपा आहे. पहिल्यांदा नातं स्पष्ट करा, 'बाबांची बहीण' असं, आणि पुढे 'आत्या'च ठेवा. प्रेक्षक शिकतो. दुसरं टोकही टाळा. वरणभाताला 'पिवळ्या डाळीचं सूप आणि भात' करू नका. पडद्यावर ताट दिसतंय.

एका वेळी दोनच ओळी, आणि ओळीत साधारण चाळीस अक्षरं. आमच्याकडे बायका भांडताना याच्या तिप्पट बोलतात, तेव्हा निवड करावीच लागते. काय गाळायचं हे मशीन ठरवू शकत नाही, ते दिग्दर्शकाने शेजारी बसून ठरवावं. मग मराठी न येणाऱ्या एका माणसाला फिल्म दाखवा आणि गोष्ट त्याच्याकडून ऐका.

गाण्याबद्दल थोडक्यात. आजी रेडिओवर जुनं भावगीत ऐकते, या एका प्रसंगासाठी कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा मालक, या सगळ्यांच्या हक्कांचा प्रश्न येतो. 'श्रेय दिलंय' याला परवानगी म्हणत नाहीत. परंपरेने आलेली जात्यावरची ओवी आजीनेच गायली, तर ही कटकट उरत नाही, आणि प्रसंगही बहुधा अधिक खरा होतो.

तांत्रिक बाजूत एक हिशेब लक्षात ठेवा. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमने शूट केली आणि डीसीपी, म्हणजे थिएटरमध्ये चालवायची डिजिटल प्रत, २४ फ्रेमची मागितली, तर त्याच फ्रेम संथ चालवल्यास लांबी सुमारे ४ टक्के वाढते. ३९ मिनिटांचा लघुपट ४० मिनिटं ३७ सेकंदांचा होतो. ऑस्करच्या नियमात लघुपट म्हणजे श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंत. आधीपासून २४ फ्रेमवर शूट केलं तर हा प्रश्नच येत नाही.

आणि आयोजकांना पाठवायची फिल्मची ऑनलाइन लिंक. पासवर्ड बदलला आणि फॉर्ममध्ये जुनाच राहिला, आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतोय, सबटायटल्सची फाइल जोडायची राहिली, हे दरवर्षी होतं. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर, लॉग-इन न करता, शेवटपर्यंत फिल्म बघा. पाठवल्यावर चूक सापडली तरी घाबरू नका. व्हिमिओ या व्हिडिओच्या संकेतस्थळावर त्याच लिंकमागची फाइल बदलता येते. बदलल्यावर आयोजकांना तारीख घालून एका ओळीत कळवा, म्हणजे जुनी प्रत पाहिलेली असेल तर ते नवी उघडतील. मुदतीचं घड्याळही आधीच बघून ठेवा. लॉस एंजेलिसची रात्रीची ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९.