बेसबॉलच्या प्लेऑफवर वाद घालायचाय? आधी महिना ठरवा

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतलं मेजर लीग बेसबॉल बघणाऱ्या आमच्यासारख्यांचं एकच चालू होतं, कुठली टीम खरी तगडी, कुणाचं पिचिंग (बॉल टाकणं) टिकणार, कुणाला उगाच एवढे पैसे दिले. मला हे वाद मनापासून आवडतात. पण इतकी वर्षं भांडून एक गोष्ट लक्षात आलीये की बहुतेक वाद कुठंच पोचत नाहीत, कारण एक जण एप्रिल ते सप्टेंबरच्या रेग्युलर सीझनबद्दल बोलत असतो आणि समोरचा ऑक्टोबरातल्या प्लेऑफबद्दल, म्हणजे नंतरच्या बाद फेऱ्यांबद्दल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळं कुणीच मागं हटत नाही. म्हणून तोंड उघडायच्या आधी पहिला प्रश्न हा विचारा: आपण कुठल्या महिन्याबद्दल बोलतोय?

२०२५ चे डॉजर्स (लॉस एंजेलिसची टीम) आणि ब्रूअर्स (मिलवॉकीची) घ्या. रेग्युलर सीझनला दोघं सहा वेळा भिडले, सगळ्या मॅच जुलैत, आणि सहाच्या सहा ब्रूअर्सनी जिंकल्या. ब्रूअर्सचे सीझनला ९७ विजय, त्या वर्षी सगळ्यांत जास्त, डॉजर्सचे ९३. मग ऑक्टोबरात नॅशनल लीगच्या फायनलला हेच दोघं समोरासमोर आले आणि डॉजर्सनी चार-शून्यनं गुंडाळलं. चार मॅच मिळून ब्रूअर्सचे रन किती, तर चार, प्रत्येक मॅचला एक.

हे असं कसं झालं? जुलैत डॉजर्सच्या पिचरांपैकी ब्लेक स्नेल दुखापतीमुळं बाहेर होता, शोहेई ओहतानी नुकताच परत पिचिंगला लागला होता आणि थोड्याच इनिंग (तीन आउट होईपर्यंतचा डाव, मॅचला असे नऊ) टाकत होता, आणि योशिनोबू यामामोतोला त्यातल्या एका मॅचला ब्रूअर्सनी पहिली इनिंगसुद्धा पूर्ण करू दिली नव्हती. ऑक्टोबरात स्नेलनं आठ इनिंगमध्ये एक हिट (बॉल मारून बेस गाठणं) दिला, यामामोतोनं अख्खी मॅच एकट्यानं संपवली, टायलर ग्लासनाऊ सहाव्या इनिंगपर्यंत टिकला, आणि ओहतानीनं सहा इनिंग शून्य रन, दहा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) आणि वर स्वतःच तीन होमरन मारले. जर्सी तीच होती पण टीम तीच नव्हती. त्यामुळं कुणी तुम्हाला "आपसात सहा-शून्य आहे" असं सांगितलं तर लगेच विचारा, त्या सहा मॅचला पिचर कोण कोण होते.

आता रचना, ही पाठ हवीच. ३० टीम, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन, प्रत्येक टीमच्या १६२ मॅच. २०२२ पासून प्लेऑफला १२ टीम जातात, प्रत्येक लीगमधून तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांतल्या सर्वांत जास्त विजयांच्या टीम. वरच्या दोन विजेत्यांना पहिली फेरी माफ, बाकीचे चार जण तीन मॅचची सिरीज खेळतात, तीही पूर्ण वरच्या सीडच्या (वरच्या क्रमांकाच्या टीमच्या) मैदानावर, पुढं पाचची, मग सातची, मग दोन लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीज, तीही सातची. इथं लोक दोन जागी हमखास घसरतात. डिव्हिजन जिंकलेली टीम पहिल्या तिघांतच राहते, वाइल्ड कार्डवाल्याचे विजय तिच्यापेक्षा जास्त असले तरी. आणि बरोबरी झाली तर पूर्वीसारखी १६३ वी मॅच आता होत नाही, आपसातल्या मॅचचा हिशोब बघतात.

हा दुसरा नियम किरकोळ वाटतो पण २०२५ ला त्यानंच सगळं फिरवलं. मेट्स आणि रेड्स दोघांचे ८३ विजय, आपसात रेड्स पुढं, म्हणून रेड्स आत आणि मेट्स घरी. ब्लू जेज आणि यँकीज दोघांचे ९४, आपसात जेज पुढं, म्हणून डिव्हिजन त्यांची आणि पहिल्या फेरीची सुट्टीही त्यांचीच. तेव्हा शेवटच्या महिन्यात नुसता पॉइंट्स टेबल बघून अंदाज बांधू नका, शेजारी आपसातल्या मॅचचा आकडा उघडून ठेवा.

आणि "बेस्ट टीम" आणि "चॅम्पियन" हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका, अर्धी भांडणं तिथंच मिटतात. २००१ च्या मरिनर्सनी ११६ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजलाही पोचले नाहीत, २००६ च्या कार्डिनल्सनी फक्त ८३ जिंकून वर्ल्ड सिरीज उचलली, २०२३ ला ८४ विजयांच्या डायमंडबॅक्सनी १०० विजयांच्या डॉजर्सना तीन-शून्य घरी पाठवलं. १६२ मॅचमध्ये कोण किती चांगलं ते दिसतं, पाच मॅचमध्ये त्या आठवड्यात कोण चांगलं खेळलं एवढंच दिसतं.

पिचिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण प्लेऑफचा खरा वाद तिथंच असतो.

सीझनला जवळपास रोज मॅच, म्हणून पाच स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) लागतात, कुणी ना कुणी जखमी होतोच, म्हणून सहावा-सातवाही लागतो. ऑक्टोबरात मध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात, तीन-चार चांगले स्टार्टर पुरतात आणि पाचव्याला बुलपेनमध्ये, म्हणजे मॅचमध्ये नंतर येणाऱ्या पिचरांत, बसवतात. म्हणजे ज्या टीमकडं सहा बरे पिचर आहेत ती सीझनला भारी, ज्या टीमकडं तीन जबरदस्त आहेत ती ऑक्टोबरला भारी. टीम तोलताना एक कागद घ्या, सिरीजच्या पहिल्या चार मॅचला कोण पिचिंग करणार ती नावं लिहा, नंतर सातव्या, आठव्या, नवव्या इनिंगला कोण येणार ते लिहा. तिसऱ्या-चौथ्या नावाला पेन अडखळलं की समजा तिथंच त्या टीमचं दुखणं आहे.

नावं लिहिली की आकडे. ईआरए (पिचरनं नऊ इनिंगमागं सरासरी दिलेले रन) सगळ्यांना माहीत असतो, अर्न्ड रन (फिल्डिंगच्या चुकांमुळं गेलेले सोडून) गुणिले नऊ भागिले इनिंग, पण त्याच्यामागं इनिंग किती आहेत ते कुणी बघत नाही. समजा एका पिचरनं मे महिन्यापर्यंत ४० इनिंगमध्ये १६ रन दिलेत, ईआरए ३.६०. एका वाईट रात्री दोन इनिंगमध्ये सात रन गेले की तो एकदम ४.९३. आता हीच रात्र सप्टेंबरात आली, आधीच्या १६० इनिंग आणि ६४ रन, म्हणजे तेच ३.६०, तर नवा आकडा होतो ३.९४. पिचर तोच, रात्र तीच. म्हणून मे महिन्यात कुणाच्या ईआरएवर छाती ठोकून बोलू नका, आणि ऑक्टोबरातला ईआरए तर दोन-तीन मॅचचाच असतो. अजून एक, ५.१ इनिंग म्हणजे पाच पूर्णांक एक दशांश नाही, पाच इनिंग आणि एक आउट. ५.१ आणि ५.२ मिळून ११ होतात, १०.३ नाही. ही बेरीज चुकवून मोठमोठे दावे करणारे मी बघितलेत.

पिचरचे विजय-पराभव तर सोडूनच द्या. २०२५ ला पायरेट्सच्या पॉल स्कीन्सचा ईआरए १.९७ होता आणि रेकॉर्ड १०-१०. साय यंग (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) त्यालाच मिळाला, एकमतानं. त्याच्या टीमला रन करता येत नव्हते त्याला तो काय करणार!

आणि पिचरला कधी काढायचं हा वाद, जो कधीच संपत नाही. २०२० ची वर्ल्ड सिरीज, सहावी मॅच, रेज विरुद्ध डॉजर्स, रेज एक-शून्य पुढं, सहावी इनिंग, एक आउट झालेला. पिचिंगला तोच ब्लेक स्नेल, तेव्हा रेजकडं. त्याचे ७३ पिच झालेत, नऊ स्ट्राइकआउट, आणि नुकताच त्याला फक्त दुसरा हिट बसलाय. पुढं डॉजर्सचे बॅटर बेट्स, सीगर, टर्नर, तिघांनी त्या रात्री स्नेलसमोर मिळून सहा वेळा बॅटिंग केलेली आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. मॅनेजर केविन कॅश बाहेर आला आणि स्नेलला काढून निक अँडरसनला आणलं. बेट्सचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट), मग वाइल्ड पिचवर (कॅचरच्या हातून सुटलेला भरकटलेला बॉल) बरोबरी, मग सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेला फटका) डॉजर्स पुढं, शेवटी ३-१ आणि सिरीज संपली.

यावर भांडताना शिस्त एकच, निर्णय आणि निकाल वेगळे ठेवा. कॅशच्या बाजूनं आधार आहे: तिसऱ्यांदा तोच पिचर समोर आला की बॅटर त्याला जास्त चांगले मारतात, हे वर्षानुवर्षं दिसलंय. विरुद्ध बाजूनंही आहे, आणि मला तो जास्त पटतो: अँडरसन थकलेला होता, आधीच्या सलग सहा मॅचमध्ये त्यानं रन दिले होते. म्हणजे "स्नेलला काढायचं का" हा प्रश्न अपुरा आहे, "स्नेलला काढून कुणाला आणायचं" हा पूर्ण प्रश्न. प्रत्येक वेळी असाच विचारा, समोरच्याला उत्तर देताना बुलपेनमधल्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं.

करारांवर येऊ. इथं आकडे एवढे मोठे असतात की लोकांचं डोकं गरम होतं आणि हिशोब राहून जातो. आधी हे लक्षात घ्या की बेसबॉलमध्ये टीमच्या एकूण पगाराला पक्की कमाल मर्यादा नाही, एक रेषा आहे, २०२५ ला २४.१ कोटी डॉलर, तिच्या वर गेलं की वरच्या रकमेवर टॅक्स, आणि सलग वर्षं वर राहिलं की दर वाढत जातो. आणि करार पूर्ण गॅरंटीचा असतो, खेळाडू जखमी होऊन बसला तरी पैसे द्यावे लागतात.

म्हणून कुठल्याही कराराचे तीन आकडे काढा, एकूण किती, दर वर्षी हातात किती, आणि टॅक्सच्या हिशोबात किती. ओहतानीचा करार डिसेंबर २०२३ चा, दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. पण त्यातले ६८ कोटी पुढं ढकललेले, खेळतानाच्या काळात वर्षाला फक्त २० लाख, उरलेले २०३४ ते २०४३ दर वर्षी ६.८ कोटी. उद्याच्या पैशाची किंमत आज कमी असते, म्हणून टॅक्सच्या हिशोबात तो वर्षाला साधारण ४.६ कोटीच धरला जातो, सात कोटी नाही. उलट हुआन सोतोचा मेट्सबरोबरचा, १५ वर्षं ७६.५ कोटी, त्यात पुढं ढकललेलं काहीच नाही. दोन्ही करार नुसत्या एकूण आकड्यावर शेजारी ठेवले तर तुलनाच चुकते. पैसे पुढं ढकलणं नवीनही नाही, बॉबी बोनिया हा खेळाडू मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ ला, आणि त्याला २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला जवळपास ११.९ लाख डॉलर मिळत राहणार, मूळ देणं होतं ५९ लाखांचं.

मग येतो तो आवडता आरोप, एवढे पैसे देऊन प्लेऑफपण नाही! सोतोच्या पहिल्याच वर्षी मेट्स बाहेर राहिले, हे वर सांगितलंच. पण सोतोनं ४३ होमरन मारले. जूनच्या मध्याला मेट्स ४५-२४ होते, सगळ्या बेसबॉलमध्ये पुढं, आणि तिथून ३८-५५. त्या काळात स्टार्टर जखमी होत गेले, जे उरले ते लवकर बाहेर पडत होते, बुलपेन दमत गेलं. हा पिचिंगचा प्रश्न आहे, तो सोतोच्या करारावर ढकलू नका.

स्वस्त खेळाडूंचा हिशोबही याच वादात धरा. साय यंग जिंकलेला स्कीन्स किमान पगाराच्या आसपासच खेळत होता, कारण फ्री एजंट व्हायला, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळं व्हायला, मेजर लीगमधली सहा वर्षांची सर्व्हिस लागते आणि एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. २०१५ ला कब्ज टीमनं क्रिस ब्रायंटला एप्रिल अर्धा झाल्यावर खालच्या लीगमधून वर आणलं, त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी, आणि फ्री एजन्सी एक वर्ष पुढं. त्यानं तक्रार केली, ती फेटाळली गेली. नियमात बसत असलं तरी हे मला आजही खटकतं.

शेवटी ऑक्टोबरातल्या कामगिरीवर करार देणं. स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), लगेच नॅशनल्सनी सात वर्षांचे २४.५ कोटी दिले, आणि त्यानंतर तो फक्त आठ मॅच खेळू शकला. ऑक्टोबर डोळ्यांसमोर ठेवून दिलेले पैसे, आणि पुढचे सगळे एप्रिल हॉस्पिटल आणि सरावात गेले. दुसरीकडं यामामोतो, अमेरिकेत एकही पिच टाकायच्या आधी १२ वर्षांचे ३२.५ कोटी, यँकीजच्या पिचर गेरिट कोलच्या करारापेक्षा दहा लाख जास्त, आणि तेव्हा मीच म्हणत होतो की पिचरला १२ वर्षं म्हणजे फार झालं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यानं दुसरी मॅच एकट्यानं पूर्ण टाकली, सहाव्या मॅचला ९६ पिच टाकून जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी टोरंटोत सातव्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये दोन रनर बेसवर असताना बुलपेनमधून आला आणि अकराव्या इनिंगच्या शेवटच्या डबल प्लेपर्यंत (एकाच फटक्यावर दोन आउट) राहिला. मी उभा राहून बघत होतो, बसवतच नव्हतं. त्याचा करार २०३५ पर्यंतचा आहे, त्यामुळं १२ वर्षं फार झाली की नाही हा वाद मी अजून हरलेलो नाही, पण जिंकलोय असंही म्हणत नाही.