ऑफिसचा डेटा असलेला फोन हरवला? या चुका टाळा

फोन गेला की बहुतेक जण आधी सिम बंद करायला धावतात. ओटीपी दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून ते करायचंच आहे, पण क्रम चुकतो. फोन लॉक करण्याची किंवा पुसण्याची कमांड इंटरनेटवरूनच पोहोचते. सिम बंद केलं की मोबाइल डेटाही गेला. मग आयटीवाल्यांच्या स्क्रीनवर वाइपपुढे (फोन पुसण्याच्या कमांडपुढे) ‘पेंडिंग’ दिसत राहतं आणि फोन पुन्हा नेटवर येईपर्यंत काहीच होत नाही. म्हणून आधी दुसऱ्या फोनवरून ‘फाइंड माय’ (आयफोनसाठी) किंवा ‘फाइंड हब’ (अँड्रॉइडसाठी) उघडून लॉक करा, आयटीला फोन लावा आणि लगोलग सिम बंद करा. सकाळी ऑफिसात गेल्यावर सांगू, असं म्हणून रात्र घालवू नका. (कळवणाऱ्यालाच आधी बोलणी बसत असतील, तर लोक उशीर करणारच. हे साहेबलोकांसाठी.)

इथेच अनेकांची गाडी अडते. दुसरीकडून लॉगिन करायला अनेकदा कोड लागतो आणि तो कोड देणारं ॲप, म्हणजे ऑथेंटिकेटर, असतं हरवलेल्या फोनमध्येच. अशा वेळी वापरायचे राखीव कोड, म्हणजे बॅकअप कोड, आजच कागदावर उतरवून ठेवा. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत असेल तर उपयोग शून्य.

वाइपची कमांड दिली म्हणजे सुटलो, हा समज सगळ्यात महागात पडतो. मेल, ड्राइव्ह, चॅट यांची लॉगिन्स सर्व्हरच्या बाजूने उघडीच राहू शकतात. नुसता पासवर्ड बदलून प्रत्येक ॲप लगेच बाहेर पडेलच असं नाही. ॲडमिनकडून सर्व डिव्हाइसेसवरून साइन आउट करून घ्या. शिवाय तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल (ऑफिसच्या ॲप्सचा वेगळा कप्पा) असेल, तर कंपनी तेवढाच भाग पुसते. ग्राहकाच्या कोटेशनचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, घाईत स्वतःला फॉरवर्ड केलेली पगाराची एक्सेल शीट, हे सगळं पर्सनल बाजूच्या डाउनलोड्समध्ये तसंच राहतं. माझ्या मते गळती इथूनच जास्त होते.

लॉकबद्दल थोडक्यात: चार आकडी पिनचे 10,000 पर्याय, सहा आकडीचे 10 लाख. पण पिन कितीही मोठा असला तरी लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसत असेल, तर ओटीपी वाचायला फोन उघडावाच लागत नाही. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवा. सिमलाही पिन लावा, नाहीतर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मागवतो.

नवा फोन घेतला म्हणून जुना आयफोन ॲपल अकाउंटमधून काढून टाकू नका. काढला की ॲक्टिव्हेशन लॉक (तुमच्या पासवर्डशिवाय फोन नव्याने सुरू होऊ न देणारं कुलूप) सुटतो आणि चोराचं काम सोपं होतं. ‘तुमचा फोन सापडला, लोकेशन बघा’ असा मेसेज त्यासाठीच येतो. लिंकमागे लॉगिनचं हुबेहूब नकली पान असतं. लिंक न उघडता मेसेज आयटीला दाखवा आणि लोकेशन बघायचंच असेल तर पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा.