वर जायला वाट नसताना छताचा दिवा बदलणे : नव्या वायरमन मुलांसाठी

आयटीआय करून कोकणात कामाला लागलात की छताचा दिवा बदलायची बोलावणी भरपूर येतात, आणि गणपतीच्या आधी तर उसंत नसते. चाकरमानी यायच्या आत नवं फिटिंग लागलं पाहिजे, बाहेर पाऊस, आणि वर जायला वाट नाही. एक तर स्लॅब असतो, नाहीतर कौलांखाली किंवा पत्र्याखाली पीव्हीसी पॅनेलचं सीलिंग कायमचं ठोकलेलं असतं. भोकातून खाली आलेल्या वायरी एवढंच तुमच्या हाती असतं. फेज, न्यूट्रल, एमसीबी हे तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितो.

मेन पाडला म्हणजे लाईन मेली, ही समजूत आधी डोक्यातून काढा. पावसात लाईट जाते म्हणून आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि त्यावर टाकलेले असतात ते दिव्यांचेच पॉइंट. तुम्ही मेन पाडलात की इन्व्हर्टरच्या लेखी लाईट गेली. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो बॅटरीवरून 230 व्होल्ट त्याच वायरीत सोडतो. बरं, मेन चालू ठेवून नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद केलं तरी भागत नाही, कारण मेनची वीज त्याच्यातून सरळ पुढे जाते. म्हणून आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग मेन खाली, मग इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटमधून बाहेर. बटणावर टेप मारा आणि घरातल्या माणसांना तोंडाने सांगा. पंखा थांबला की कुणीतरी सवयीने जाऊन बटण दाबतंच.

आता काळी वायर, म्हणजे न्यूट्रल. सीलिंग रोजमध्ये, म्हणजे छतावरच्या जोडणीच्या गोल डबीत, दोन काळ्या एकत्र पिळलेल्या दिसल्या तर एक बोर्डाकडून आलेली असते आणि दुसरी पुढच्या दिव्याला गेलेली. फक्त या दिव्याचा स्विच बंद करून तो जोड सोडवलात आणि पुढच्या खोलीतला दिवा चालू असला, तर त्या दिव्यातून आलेल्या फेजला परतीची वाट उरत नाही. ती तुमच्या हातातल्या काळ्या वायरीवर येऊन उभी राहते. समोरचा दिवा विझलेला, स्विच बंद, आणि झटका न्यूट्रलचा! ज्या घरात इन्व्हर्टरची आणि मेनची न्यूट्रल कुणीतरी मधेच एक करून ठेवली आहे, तिथे एक एमसीबी पाडूनही हेच होऊ शकतं. जुन्या घरांत तर स्विच न्यूट्रलमध्येच टाकलेला सापडतो, मग दिवा बंद असतानाही होल्डरला फेज असते. रंगावर विश्वास नको. आधी फोटो काढा, वायरींना टेपच्या खुणा करा, मगच स्क्रू सैल करा.

निऑन टेस्टर एकटा पुरत नाही. लाकडी शिडीवर, रबरी चपलेत तो इतका मंद पेटतो की दिवसा दिसत नाही. उलट शेजारच्या वायरीच्या इंडक्शनने उगाच पेटतो. मल्टिमीटर किंवा दोन वायरींचा टेस्ट लॅम्प घ्या. आधी चालू सॉकेटवर तपासा, मग पॉइंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि पुन्हा चालू सॉकेटवर. मेन पाडल्यावर घरात चालू सॉकेट उरत नाही, आणि मीटर डीसी रेंजला सेल किंवा बॅटरी दाखवतो एवढं बघून भागत नाही. म्हणून मेन पाडायच्या आधी एकदा, आणि पॉइंट तपासून झाल्यावर वायरींना हात न लावता मेन क्षणभर चढवून पुन्हा एकदा सॉकेटवर खात्री करा, मग मेन परत पाडा. मधे मीटर हातातून पडला तर तपासणी पहिल्यापासून. 'चालू लाईनवर करतो, दोन मिनिटांचं काम' म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे शिकू नका, तो कितीही हुशार असो. मेन पाडून किल्ली खिशात ठेवणारा शोधा, भले तो हळू काम करेल.

हे सगळं वाचून घाबरू नका. वीज खरोखर बंद झाल्यावर उरतं ते काम सोपं आहे.

वायरी मोकळ्या करायच्या आधी त्यांना हातभर सुतळी बांधा, दुसरं टोक भोकाच्या रुंदीपेक्षा लांब अशा काडीला. वायर वर निसटली तर पॅनेल फोडण्यावाचून इलाज राहत नाही. तोकडी असली तर ओढू नका, कारण वर कुणी टेप मारून जोड दिलेला असतो आणि तो वरच सुटतो. भोकातून मोबाईलचा कॅमेरा घालून बघा. वाढवायचीच असेल तर फिटिंगच्या बेसमध्ये कनेक्टर लावून वाढवा.

पीव्हीसी पॅनेल वजन धरत नाही. मागची जीआय चॅनेल छोट्या लोहचुंबकाने सापडते, लाकडी रीप ठोकून आवाजावर कळते. स्क्रू त्यातच गेला पाहिजे. जुनं भोक 4 इंचांचं आणि नव्या डाउनलाइटचं कटआउट लहान असेल तर स्प्रिंग धरणार नाही, तिथे भोक झाकणारा 6 इंचांचा सरफेस दिवाच घ्या. स्लॅबमध्ये 6 मिमीचा बिट, 35 ते 40 मिमी खोली आणि गिट्टी. बॉक्सपासून बोर्डाकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडू नका, तिथे पाइप असतो.

खारी हवा जोड खाते. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उघडलेल्या जुन्या फिटिंगमध्ये टर्मिनल हिरवं आणि तांबं काळं असतं. काळा भाग कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे या, 8-10 मिमी सोला, टोक दुमडून स्क्रूखाली घट्ट करा. वायर पिळून टेप मारणं इथे चालत नाही, दमटपणात टेपचा गोंद सुटतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या. भोकाच्या कडेने सिलिकॉन लावा, नाहीतर मुंग्या आणि पाली एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत पोचतात.

शेवटी आधी मेन, मग इन्व्हर्टर. दिवा मेनवर पाहा, मेन पाडून इन्व्हर्टरवर पाहा, आणि पुढच्या खोल्यांतले दिवेही लावून पाहा. आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) पडला तर न्यूट्रल अर्थला कुठे टेकली आहे ते बघा. स्विच बंद करूनही एलईडी मंद पेटत राहिला तर बहुधा स्विच न्यूट्रलमध्ये आहे किंवा स्विचला निऑन इंडिकेटर आहे. पहिलं असेल तर बोर्ड उघडून फेज स्विचवर घ्या, तोवर पैसे मागू नका.