वॉकीवर 'बरं' म्हणू नका

मी डिचोलीचा. वास्कोला झुआरीकाठच्या एका यार्डात क्रेनला सिग्नल देतो. नवी पोरं विचारतात, वॉकी-टॉकी असताना हात कशाला हलवायचे? ऑपरेटरला तुम्ही आणि माल दोन्ही स्वच्छ दिसत असाल तर हातच वापरा. हाताची बॅटरी उतरत नाही, ग्राइंडरच्या आवाजात तो बुडत नाही. माल बार्जच्या, म्हणजे सपाट मालवाहू बोटीच्या, हॅचमध्ये (डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडात) उतरला आणि तुम्ही केबिनमधून दिसेनासे झालात की मग वॉकी. जुलैच्या पावसात काचेवरचं पाणी वायपरला आवरत नाही, तेव्हाही वॉकीच.

कोपर वाकवून तर्जनी वर धरून गोल फिरवली की हूक वर. हात खाली सोडून बोट जमिनीकडे फिरवलं की हूक खाली. हात बाजूला ताणून मूठ, अंगठा वर: बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वर. इथेच पोरं फसतात. 'सगळं ठीक' म्हणून अंगठा दाखवतात, आणि तिकडे बूम उठायला लागते! थांबायला एक हात आडवा ताणा, तळवा जमिनीकडे, आणि आडवाच हलवत राहा. दोन्ही हातांनी केलं की तातडीचा थांबा. तो झाडूवाल्याने दिला तरी ऑपरेटरने थांबायचंच. बाकीचे इशारे मात्र एकाच माणसाचे.

वॉकीचं निराळं. चॅनल फक्त या कामाचं ठेवा, माल उचलण्याआधी एकदा बोलून बघा. बटण दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. म्हणून 'नको खाली' कधी म्हणू नका. 'नको' गेलं तर उरतं काय? सरळ 'थांब' म्हणा. डावं-उजवं नेहमी ऑपरेटरचं, तुमचं नव्हे. आणि हूक हलत असेपर्यंत बोलत राहा: 'खाली, खाली, दोन मीटर, एक, अर्धा, थांब.' तुमचा आवाज तुटला की ऑपरेटरने हूक थांबवायचा, हे आधीच ठरवून घ्या.

एकदा कुडाळचा ऑपरेटर होता, म्हणून मी खुशाल मराठीत बोलत होतो. पाइप हॅचच्या कडेखाली सरकवत होतो. त्याने काहीतरी विचारलं, मी म्हटलं, 'बरं, बरं.' त्याने ऐकलं 'वर, वर.' पाइपच्या टोकाची कडी, फ्लँज, कडेला अडकला, माल बांधलेली स्लिंग करकरली. हबकून मी गप्प झालो, म्हणूनच तो थांबला.

तेव्हापासून मी खलाशांचे जुने शब्द वापरतो: वर म्हणजे 'हबेस', खाली म्हणजे 'आरिया'. आरिया पोर्तुगीजमधून आलेला, म्हणजे गोव्यात तो काही परका नाही. बिहारी ऑपरेटरलाही हे दोन्ही कळतात. आणि होकार द्यायचा झाला तर 'ओके'.