वन्य सस्तन प्राण्यांतला बर्ड फ्लू: नमुना कुठला घ्यावा, निकाल कसा वाचावा

मेलेला पक्षी सापडला की घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा, यावर बर्ड फ्लूचे काम करणाऱ्यांचा हात बसलेला असतो. सस्तन प्राण्यांत नेमक्या याच सवयीमुळे रोग निसटतो. खोकड, ऊद यांसारख्या मांसभक्षकांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू मेंदूत शिरतो आणि तिथेच सर्वांत जास्त सापडतो. दोन्ही स्वॅब निगेटिव्ह आणि मेंदू ठळक पॉझिटिव्ह, असे निकाल २०२१ नंतर युरोपात पुन्हा पुन्हा आले आहेत. म्हणून एकच नमुना घेणे शक्य असेल तर मेंदूचा घ्या.

कुठे आणि कोणाला शोधायचे

पक्ष्यांची मरतूक सुरू झाली की त्या पाणवठ्याच्या, किनाऱ्याच्या किंवा कोंबड्यांच्या शेडच्या आसपास मेलेले पक्षी खाणारे कोण आहे, याची आधी यादी करा. खोकड, कोल्हा, ऊद, बिज्जू, रॅकून, रानमांजर, अस्वल हे पहिल्या ओळीतले. सील आणि समुद्रसिंहांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ते दाटीने राहतात आणि तिथे एका प्राण्याचा आजार वसाहतीचा आजार व्हायला वेळ लागत नाही. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्डेस द्वीपकल्पावर हत्ती सीलची अंदाजे १७ हजारांहून अधिक पिल्ले मेली. पिंजऱ्यातले वन्य प्राणीही यादीत हवेत. २००४ मध्ये थायलंडमधल्या एका व्याघ्रालयात कच्च्या कोंबड्या खाऊ घातल्याने साथ पसरली. तिथल्या ४४१ वाघांपैकी १४७ मेले किंवा मारावे लागले.

लक्ष ठेवायची लक्षणे बहुतेक मज्जासंस्थेची असतात: गोल गोल फिरणे, मान एका बाजूला कलणे, थरथर, झटके, दिसत नसल्यासारखे आपटणे, माणूस जवळ आला तरी न पळणे. धाप आणि नाकातून स्राव असेलच असे नाही. हीच लक्षणे रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांसारख्या मांसभक्षकांचा एक विषाणूजन्य रोग) आणि कीटकनाशकाच्या विषबाधेतही दिसतात. त्यामुळे बर्ड फ्लूचा संशय असला तरी प्राणी रेबीजचाच आहे असे धरून हाताळा. रेबीजची लस न घेतलेल्या माणसाने डोक्याला हात लावू नये.

निरोगी दिसणारे प्राणी पकडून स्वॅब घेण्यात पैसा जातो आणि हाती फारसे लागत नाही, कारण विषाणू बाहेर पडण्याचा काळ मोजक्या दिवसांचा असतो. आजारी आणि मेलेल्या प्राण्यांवर भर ठेवा. पकडायचेच असतील तर रक्त घ्या. विषाणूविरुद्ध शरीराने रक्तात बनवलेली प्रतिपिंडे महिनोन्महिने टिकतात. किती प्राणी तपासायचे याचा साधा हिशेब असा: लागण १०० पैकी ५ प्राण्यांत असेल तर ती ९५ टक्के खात्रीने पकडायला सुमारे ६० नमुने लागतात, २ टक्के असेल तर १५०, आणि १ टक्का असेल तर ३००. उलट बाजूने, ३० नमुने निगेटिव्ह आले तर एवढेच म्हणता येते की लागण बहुधा १० टक्क्यांहून कमी आहे. "इथे रोग नाही" असे त्यावरून लिहिणारे अहवाल बरेच दिसतात. ते चूक आहेत. शिवाय हा हिशेब चाचणी अचूक आहे असे धरून केलेला आहे. नुसत्या स्वॅबवर विसंबलात तर तोही कोलमडतो.

हात लावण्याआधी

एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, दुहेरी हातमोजे, पाणी न झिरपणारा अंगरखा आणि धुता येतील असे गमबूट. विषाणू डोळ्यांतूनही शिरतो, म्हणून चष्म्यावर तडजोड नको. निर्जंतुकीकरणासाठी ५ टक्के ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग, म्हणजे ०.५ टक्के द्रावण, रोज ताजे करा. आधी साबणाने रक्त-माती धुवा, मग द्रावण १० मिनिटे राहू द्या. घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीतच संपते.

नमुने

सगळ्यात आधी फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, वय-लिंगाचा अंदाज, शवाची अवस्था आणि जवळपास मेलेले पक्षी होते का, हे टिपून घ्या. शव २४ तासांच्या आतले असेल तर उत्तम. कवटी शाबूत असेल तर मेंदू त्यानंतरही काही काळ तपासण्याजोगा राहतो, पोटातले अवयव मात्र लवकर जातात.

स्वॅबचे टोक पॉलिस्टर किंवा नायलॉनचे आणि दांडी प्लॅस्टिकची हवी. लाकडी दांडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचे टोक पीसीआरमध्ये (विषाणूचे जनुक शोधणारी चाचणी) अडथळा आणतात. नाकाचा, घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब वेगवेगळ्या नळीत, प्रत्येकी १ ते २ मिलि विषाणूवाहक माध्यमात (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) ठेवा. गुदद्वाराच्या स्वॅबवर विष्ठा थोडीच असू द्या. गोळा चिकटला तर त्यातली द्रव्ये चाचणी दाबतात. दांडी झाकणाखाली मावेल अशी तोडा. ती लांब राहिली की झाकण अर्धवट बसते आणि प्रवासात नळी गळते.

मेंदूसाठी करवत नको, विशेषतः विजेवर चालणारी, कारण तिने विषाणूचे तुषार उडतात. प्राणी पोटावर ठेवा, डोके खाली वाकवा आणि कवटी व मानेचा पहिला मणका यांमधले कातडे आणि स्नायू आडवे कापा. कवटीच्या तळाचे मोठे छिद्र दिसले की सुमारे ५ मिमी व्यासाची प्लॅस्टिकची नळी (साधी स्ट्रॉ चालते) एका डोळ्याच्या दिशेने, फिरवत फिरवत आत सरकवा. बाहेरचे टोक चिमटीत दाबून धरा आणि ओढून घ्या. नळीत आलेल्या लांबट गाभ्यात मेंदूच्या मुळापासून पुढपर्यंतचे भाग ओळीने असतात. तसेच दुसऱ्या डोळ्याच्या दिशेने करा. एक भाग रेबीजसाठी कोरड्या नळीत, वाटाण्याएवढा तुकडा बर्ड फ्लूसाठी माध्यमात. प्राणी कोणाला चावला असेल तर यातले काही करू नका, अख्खे डोके थंड करून पाठवा. रेबीजच्या खात्रीच्या निदानाला मेंदूमुळाचा पूर्ण आडवा छेद लागतो आणि तो स्ट्रॉने मिळत नाही.

पूर्ण शवविच्छेदन योग्य सुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच व्हावे. तिथे फुप्फुस, श्वासनळी, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड घेतात. दूध पाजणारी मादी असेल तर स्तनग्रंथीही घ्यावी. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत विषाणूचा मुख्य अड्डा तिथेच निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे १ सेंमीपेक्षा जाड नकोत, १० टक्के फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट हवे आणि ते गोठवायचे नाहीत. जठरात पिसे सापडली तर जरूर नोंदवा.

पाठवणी

२ ते ८ अंशांवर नमुना ७२ तास तग धरतो. त्याहून वेळ लागणार असेल तर उणे ७० अंश. घरगुती फ्रीजरचा मध्यम मार्ग सर्वांत वाईट: उणे २० अंशांवर, त्यातही अधूनमधून आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये, विषाणू हळूहळू मरतो. कोरड्या बर्फात पाठवताना नळीचे तोंड सीलबंद करा. कार्बन डायऑक्साइड आत शिरला की माध्यम आम्ल होते आणि इन्फ्लूएंझाला आम्ल सोसत नाही. बाहेरचा खोका मात्र हवाबंद नको, नाहीतर दाबाने फुटेल. बांधणी तीन थरांची: न गळणारी नळी, शोषक कागदासह दुसरे डबे, बाहेर टणक खोका आणि त्यावर यूएन ३३७३ ची (तपासणीच्या जैविक नमुन्यांची आंतरराष्ट्रीय) खूण. नमुन्याचा क्रमांक नळीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणे अदलाबदल होतात.

निकाल वाचताना

प्रयोगशाळा आधी सर्व इन्फ्लूएंझा-ए विषाणूंत (बर्ड फ्लूचा विषाणू याच गटातला) सामाईक असलेले मॅट्रिक्स जनुक आरटी-पीसीआरने शोधते, मग एच५, मग एन१. सीटी आकडा, म्हणजे विषाणू दिसायला चाचणीच्या किती फेऱ्या लागल्या, जितका लहान तितका विषाणू जास्त. इथे एक सापळा आहे. संसर्ग झालेला पक्षी नुकताच खाल्लेल्या प्राण्याच्या तोंडात त्या पक्ष्याचाच विषाणू चिकटलेला असू शकतो. घसा पॉझिटिव्ह, सीटी ३६-३७, आणि मेंदू व फुप्फुस स्वच्छ, असे चित्र असेल तर त्याला संसर्ग म्हणू नका. मेंदूचा सीटी २० च्या आसपास असेल तर शंकेला जागा उरत नाही, स्वॅब काहीही म्हणोत.

रक्ताच्या बाबतीत, न्यूक्लिओप्रोटीन या विषाणूच्या आतल्या प्रथिनावरची एलायझा (प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे "कुठला तरी इन्फ्लूएंझा-ए" एवढेच कळते. सीलमध्ये एच३एन८ आणि एच१०एन७ च्या साथी होऊन गेल्या आहेत, त्यामुळे एच५ वरची वेगळी चाचणी झाल्याशिवाय पुढचे बोलू नये.

पॉझिटिव्ह नमुन्याचा पूर्ण जनुकीय क्रम काढून घ्या. पीबी२ या विषाणूच्या प्रथिनातला ६२७ क्रमांकाच्या जागेवरचा बदल (ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन) एकाच प्राण्याच्या शरीरात काही दिवसांत घडू शकतो. तो सापडला म्हणून प्राण्याकडून प्राण्याला लागण झाली, असे ठरत नाही. तेच बदल अनेक प्राण्यांत, विषाणूच्या वंशवृक्षाच्या एकाच फांदीवर आणि पक्ष्यांत जवळपास नसताना दिसले, तर काळजी करावी. दक्षिण अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राण्यांत पीबी२ चे ५९१ आणि ७०१ हे दोन बदल असेच एकत्र आढळले.

पॉझिटिव्ह निकाल पशुवैद्यकीय आणि आरोग्य, दोन्ही विभागांना त्याच दिवशी कळवा. शवाला ज्यांनी हात लावला त्यांनी शेवटच्या संपर्कापासून १० दिवस रोज ताप, खोकला आणि लाल डोळे तपासावेत, आणि यातले काहीही दिसले तर डॉक्टरांकडे जाण्याआधी फोनवर संपर्काची कल्पना द्यावी. शोधफेरीत काही सापडले नाही तरी किती माणसे, किती किलोमीटर, किती तास हे वहीत लिहाच. पुढच्या महिन्यात दोन शवे मिळाली तर मरतूक वाढली की शोध वाढला, हे त्या नोंदीशिवाय सांगता येत नाही.