आरसी बग्गीचा सर्वो घेताना या चुका टाळा

ऑफरोड आरसीत, म्हणजे खडबडीत जमिनीवर रिमोटनं पळवायच्या गाड्यांत, नव्यानं आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती किलोचा सर्वो घेऊ?" सर्वो म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, आणि किलो म्हणजे किलो-सेंटिमीटरमधला तिचा टॉर्क. पण हा प्रश्नच अर्धा आहे. किती व्होल्टला किती किलो, ६० अंश फिरायला किती वेळ आणि गाडीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला ठरावीक व्होल्टेज पुरवणारं सर्किट) तेवढा करंट देणार का, हे सोबत विचारलं नाही तर किलोच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

दीड किलोच्या आसपासच्या १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) टू-व्हील ड्राइव्ह बग्गीला ८ ते १२ किलो-सेंटिमीटर टॉर्क भरपूर झाला. तिथे वेग जास्त महत्त्वाचा: ६० अंशांना ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी. सव्वातीन किलोच्या पुढच्या १/८ बग्गीला मात्र २० किलोच्या खाली उतरू नका, आणि वेग ०.१२ च्या आत ठेवा. दोन्ही आकडे तुमच्या गाडीत प्रत्यक्ष मिळणाऱ्या व्होल्टेजचे बघायचे. खोक्यावरचा ठळक आकडा बहुतेक वेळा ७.४ किंवा ८.४ व्होल्टचा असतो. तोच सर्वो ६ व्होल्टवर टॉर्कही कमी देतो आणि मंदही होतो. उलट ६ व्होल्टचा सर्वो ७.४ वर लावला तर काही दिवस झकास पळतो आणि मग जळतो.

बीईसी न बघता मोठा सर्वो लावणे

सगळ्यात जास्त पैसे या चुकीपायी वाया जातात. एका १/८ इलेक्ट्रिक बग्गीचं उदाहरण घ्या. लांब सरळ पट्टा संपला की जोरात ब्रेक आणि लगेच डावीकडे वळण. नेमक्या त्याच जागी गाडी दर दोन-तीन फेऱ्यांनी रिमोटचं ऐकणं सोडायची, सरळ कडेच्या पाइपवर आदळायची आणि क्षणभरानं पुन्हा चालू व्हायची. मालकानं आधी रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या, मग अँटेना सरळ केला, शेवटी नवा रिसीव्हर आणला. फरक शून्य. स्टँडवर ठेवून बघावं तर गाडी ठणठणीत.

स्टँडवर ती ठणठणीतच दिसणार, कारण चाकं हवेत असताना सर्वोला ताकद लावावीच लागत नाही. ३० किलोचा डिजिटल सर्वो अडला की चार-पाच अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. त्या गाडीच्या ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधला) बीईसी होता ३ अँपिअरचा. ब्रेकनं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्याच क्षणी पूर्ण स्टिअरिंग, आणि व्होल्टेज इतकं खाली बसतं की रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

तपासायची रीत सोपी आहे. मोटरच्या वायरी काढा, गाडी जुन्या कार्पेटवर किंवा पायपुसण्यावर ठेवा, वरून हातानं दाबून धरा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला भराभर फिरवा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला की चोर सापडला.

उपाय: ८ ते १० अँपिअरचा वेगळा बीईसी घ्या आणि तो सर्वोच्या व्होल्टेजवर सेट करा. हे करताना ईएससीकडून रिसीव्हरला जाणारी लाल वायर प्लगमधून काढून तिच्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा. दोन बीईसी एकाच लाइनवर आले तर एकमेकांना मारतात. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये ४७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावायचा शॉर्टकट बरेच जण सुचवतात. क्षणिक झटका तो सांभाळतो, पण बीईसीच अपुरा असेल तर नुसता आजार झाकतो.

आधी हॉर्न लावून मग करंट देणे

नवा सर्वो हातात आला की धीर धरवत नाही, हे समजू शकतं. पण डोळ्यांनी अंदाज घेऊन हॉर्न (सर्वोच्या शाफ्टवरचा, स्टिअरिंगची लिंक ओढणारा हात) बसवायचा, स्क्रू आवळायचा आणि मग स्विच दाबायचा, याचा शेवट तुटलेल्या गिअरमध्ये होतो. सर्वो सेंटरला जायला झटक्यात फिरतो आणि स्टिअरिंग अडलेलं असेल तर सगळा जोर दातांवर येतो.

क्रम असा ठेवा. रिमोटवर ट्रिम आणि सबट्रिम (सेंटर थोडं सरकवणारी सेटिंग) शून्य, दोन्हीकडचं ईपीए (सर्वो किती दूर फिरेल याची मर्यादा) ६० टक्क्यांवर. हॉर्न न लावता करंट द्या, सर्वोला सेंटरला येऊ द्या. आता हॉर्न मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कोनात बसवा. २५ दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे जवळच्या दातावर बसवल्यावर उरणारी चूक फार तर ७.२ अंशांची. तेवढीच सबट्रिमनं काढा. चाकांचा टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) मात्र टर्नबकलनंच (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांडीनंच) जुळवायचा, सबट्रिमनं नाही.

मग ईपीए. चाकं जमिनीवर ठेवून डावीकडे पूर्ण वळवा आणि नकल (चाक धरून वळणारा भाग) टेकेपर्यंत एकेक टक्का वाढवा. सर्वो गुणगुणायला लागला की दोन-तीन टक्के मागे या. उजवीकडचं स्वतंत्र सेट करा, दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. सस्पेन्शन दाबून आणि गाडी उचलून, दोन्ही स्थितींत पुन्हा बघा. जास्त ईपीए ठेवून पळवलेला सर्वो प्रत्येक वळणावर भिंत ढकलत असतो आणि दिवसाअखेरीस जळका वास येतो. पाच मिनिटं चालवून केसवर बोट ठेवा. ठेववत नसेल तर लिंक सोडून स्टिअरिंग हातानं हलवा. ते विनासायास इकडून तिकडे पडलं पाहिजे. आपल्याकडच्या मुरमाची बारीक धूळ बेलक्रँकच्या (सर्वोची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या जोडाच्या) बुशमध्ये बसते आणि दोष मात्र सर्वोला जातो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दात न मोजता हॉर्न घेणे. फुटाबा आणि सॅवॉक्स २५ दातांचे, सान्वा आणि केओ २३ चे, हायटेकचे बरेच सर्वो २४ चे. "जवळपास बसतोय" म्हणून ठोकू नका.

डबल सेव्हर. १/८ बग्गीच्या बेलक्रँकमध्येच सर्वो सेव्हर (चाकांना बसलेला धक्का सोसून सर्वोचे गिअर वाचवणारा स्प्रिंगचा भाग) असतो, तिथे सर्वोवर घट्ट अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्नच हवा. बेलक्रँकमध्ये सेव्हर नसेल आणि प्लास्टिक गिअरचा सर्वो असेल, तर सेव्हरशिवाय गाडी खाली ठेवूच नका.

उंची. काही १/१० बग्ग्यांत फक्त लो-प्रोफाइल सर्वो बसतो. आधी मॅन्युअल वाचा, मग पैसे द्या.

हॉर्नचा स्क्रू प्रमाणापेक्षा लांब घेतला तर तो शाफ्टच्या तळाला टेकतो आणि हॉर्न सैलच राहतो. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) धातूवरच लावा, प्लास्टिक त्यानं तडकतं.

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मिळणारा एमजी ९९६ आर हा सर्वो रोबोटच्या हाताला ठीक आहे. ६ व्होल्टला ११ किलो वाचून तो रेसच्या गाडीत घालू नका: ०.१४ सेकंद हा वेग कमी पडतो, शाफ्टला प्ले (ढिलाई) असतो आणि सेंटर दरवेळी थोडं वेगळं येतं. त्याच रांगेत ३६० अंश सलग फिरणारे सर्वोही ठेवलेले असतात. ते स्टिअरिंगला चालतच नाहीत.

अ‍ॅनालॉग सर्वो जोडून रिमोट हायस्पीड मोडवर (सर्वोला जास्त भराभर सिग्नल पाठवणाऱ्या मोडवर) ठेवणे. सर्वो तापतो आणि मरतो. मोड आधी बदला.

पावसाळ्यात वॉटरप्रूफ या शब्दावर विसंबू नका. चिखलातून आलेल्या गाडीचा सर्वो त्याच संध्याकाळी काढा, शाफ्टभोवतीची माती ब्रशनं झाडा, सीलला ग्रीसचा एक थेंब द्या आणि तळाचे चार स्क्रू घट्ट आहेत ना, बघा.